सफरचंदाची कृती केळीला लावू नका

गेल्या उन्हाळ्यापासून आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय. बचत गटाच्या बायकांमध्ये आला, माहेरच्या गटात आला, केळीचे रोजचे भाव टाकणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातही आला. मजकूर असा: "घरच्या घरी फळांचं बटर! कोणतंही फळ चिरा, स्लो कुकरमध्ये टाका, झाकण लावा, रात्री लो वर ठेवून झोपा, सकाळी बटर तयार. साखर नको, लिंबू नको, प्रिझर्व्हेटिव्ह नको. गरम गरम बरणीत भरा, बरणी उलटी ठेवा, वर्षभर फळीवर टिकतं. मंद आचेमुळे सगळी जीवनसत्त्वं शाबूत. डायबेटिसवाल्यांनाही चालतं. विजेचा खर्च नाहीच म्हणा. केळी फेकू नका, बटर करून विका!"

वाचायला गोड आहे. आमच्याकडे केळीचे भाव पडले की वापसीचा, म्हणजे व्यापाऱ्याने नाकारलेला, माल बांधावर टाकून द्यावा लागतो. घड कापायची मजुरीही निघत नाही, तेव्हा असा मेसेज हातात पडला तर कोणाला आशा वाटणार नाही? आमच्या शेजारच्या वहिनींना वाटली. त्यांनी मुलाकडून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, मागवला, चार दिवस खपून केळीच्या बटरच्या बावीस बरण्या भरल्या आणि माजघरातल्या फळीवर ओळीने मांडल्या. मे महिना होता. नवव्या दिवशी एका बरणीचं झाकण फुगलं, अकराव्या दिवशी दुसऱ्या बरणीचं उडून गर भिंतीवर गेला. वहिनी रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "मले वाटलं मीच कुठी चुकली." त्या चुकल्या नव्हत्या. मेसेजमध्ये लिहिलं होतं तसंच त्यांनी अक्षरशः केलं होतं. चूक त्या मेसेजमध्ये होती. मी फळप्रक्रियेचं शिकले आहे, वर्षानुवर्षं हेच काम करते आहे, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन उत्तर देणं मला माझं काम वाटतं.

आधी हा पदार्थ काय ते सांगते, कारण 'बटर' या शब्दानेच निम्मा घोटाळा होतो. यात लोणी नसतं, दूध नसतं, तुपाचा थेंबही नसतो. फळाचा गर मंद आचेवर इतका आटवायचा, की तो पोळीवर लोण्यासारखा पसरेल. नाव त्या पसरण्यावरून पडलं आहे. आपल्याकडे आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) उरलेला आमरस कढईत आटवून ठेवतात, त्याचाच हा चुलतभाऊ. जॅमपेक्षा साखर कमी, मुरंब्यासारख्या फोडी नाहीत, चटणीसारखं तिखट नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडच्या जर्मन वंशाच्या लोकांमध्ये सफरचंदाचं बटर मोठ्या तांब्याच्या हंड्यांत, अंगणातल्या चुलीवर, दिवसभर ढवळत करायची जुनी रीत आहे. मेसेजमधली कृती मुळात तिथली, सफरचंदाची. 'सफरचंद' खोडून कोणीतरी 'कोणतंही फळ' लिहिलं, आणि पुढचं सगळं नुकसान त्या दोन शब्दांनी केलं.

"झाकण लावा, रात्रभर ठेवा, सकाळी बटर तयार."

बासुंदी कधी झाकण लावून आटवतो का आपण? आटवणं म्हणजे पाणी वाफ होऊन भांड्याबाहेर जाणं. स्लो कुकरच्या जड काचेच्या झाकणाला वाफ लागते, तिचे थेंब होतात, ते कडेने ओघळून परत भांड्यात जातात. हा त्या यंत्राचा दोष नाही, ते बनवलंच मुळी तसं आहे. आयर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकी संशोधकाला त्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यामागची गोष्ट त्याच्या आईची. लिथुआनियातल्या तिच्या गावी ज्यू घरांमध्ये शब्बाथच्या, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी कडधान्याचं कालवण बेकरीच्या निवत चाललेल्या भट्टीत ठेवून देत आणि ते रात्रभर शिजत राही. पुढे १९७१ मध्ये हे भांडं क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. कडधान्य रात्रभर शिजवायचं तर पाणी आटून चालत नाही, म्हणून पाणी धरून ठेवणं हाच त्या भांड्याचा गुण. आपल्याला बटरसाठी नेमकं उलटं हवं असतं.

किती पाणी घालवावं लागतं, याचा हिशोब एकदा मांडून बघा. अमेरिकेच्या अन्न नियमांत फ्रूट बटर म्हणून विकायच्या पदार्थात विरघळलेले घन पदार्थ किमान ४३ टक्के असावे लागतात. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. दोन किलो पेरूच्या गरात ते साधारण २०० ग्रॅम धरू. तुम्ही ५०० ग्रॅम साखर घातलीत तर अडीच किलोच्या मिश्रणात घन पदार्थ ७०० ग्रॅम झाले. ते ४३ टक्के व्हायचे तर एकूण वजन सुमारे १६३० ग्रॅमवर यायला हवं, म्हणजे जवळपास ८७० ग्रॅम पाणी बाहेर गेलं पाहिजे. आणि साखर अजिबात घातली नाही तर? तेच दोन किलो आटून अर्ध्या किलोच्याही खाली यावे लागतात, दीड किलो पाणी उडवावं लागतं. साखर जितकी कमी, वाफ तितकी जास्त. 'साखर नको' आणि 'झाकण लावा' या दोन सूचना एकाच मेसेजमध्ये बसूच शकत नाहीत.

एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट वीज लागते. हा भौतिकशास्त्राचा आकडा आहे, कोणतीही कंपनी तो बदलू शकत नाही. मधल्या आकाराचा स्लो कुकर २०० वॉटच्या आसपास असतो. त्याची सगळीच्या सगळी उष्णता वाफ करण्यातच गेली असं मानलं, तरी एका किलोला तीन तासांहून जास्त लागतात. प्रत्यक्षात बरीच उष्णता भांड्याच्या अंगातून बाहेर जाते, म्हणून वेळ दुपटीने धरावा. झाकण बंद असेल तर वेळ कितीही द्या, सकाळी उठून बघाल तर शिजलेला पातळ गर दिसेल. बटर दिसणार नाही.

उपाय साधा आहे. फळ मऊ होईपर्यंत, म्हणजे पहिले तीन-चार तास, झाकण लावा. गर गाळून परत भांड्यात घातला की झाकण दोन लाकडी उलथन्यांवर तिरपं टेकवा. नाहीतर झाकण काढून भांड्याच्या तोंडावर स्वच्छ पंचा ताणून बांधा, म्हणजे वाफ बाहेर जाते आणि उडणारे थेंब अडतात. मग अर्ध्या-पाऊण तासाने ढवळत राहा. कडेला गर आधी घट्ट होतो, तो मध्ये ओढून घ्यायचा. झोपून करायचं हे काम नाही. गॅसवरच्या कढईपाशी जितकं उभं राहावं लागतं त्यापेक्षा खूप कमी उभं राहावं लागतं, हे मात्र खरं. गर तळाला धरत नाही आणि घट्ट झाल्यावर फटफट उडून हात भाजत नाही, हे स्लो कुकरचे खरे फायदे आहेत आणि ते मी मनापासून मान्य करते.

रात्रीचं आणखी एक. खान्देशात उन्हाळ्यात वीज रात्री कधी जाईल याचा नेम नसतो. अकराला गेली आणि पहाटे चारला आली तर मधले पाच तास तो गर कोमट पडून असतो, आणि कोमट, गोड, ओला गर ही जंतूंची पंगतच. सकाळी कुकर चालू दिसतो, भांडं गरम लागतं, रात्री काय झालं ते कळायला मार्ग नसतो. म्हणून हे काम दिवसा करा. मध्ये दोन तासांहून जास्त वीज गेली तर गर कढईत काढून गॅसवर पुरा करा. कळलंच नाही, तर केळी-पपईसारख्या गोड फळाचा गर टाकून द्या. जीव हळहळेल, तरी टाका.

लो वर ठेवलं की आच मंदच राहते, असंही पुष्कळांना वाटतं. बहुतेक स्लो कुकरमध्ये लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालच्या त्याच तापमानाला पोचतात, हायवर लवकर आणि लोवर उशिरा, एवढाच फरक. वॉर्मवर तर शिजवायचंच नसतं, ते फक्त वाढेपर्यंत गरम ठेवण्यासाठी असतं.

जीवनसत्त्वांचा दावा याच गैरसमजातून आला आहे. क जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नासतं. नव्वद अंशांच्या वर आठ-दहा तास, वर झाकण उघडं, म्हणजे त्याच्या नासण्याची पूर्ण सोय. पेरूत ते भरपूर असतं, पण ते हवं असेल तर पेरू कच्चाच खावा, मीठ-तिखट लावून. बटरमध्ये तंतू टिकतात, पोटॅशियमसारखी खनिजं टिकतात आणि चव टिकते. तेवढ्यासाठीही ते करण्यासारखं आहे, खोटी जाहिरात कशाला?

आता ज्या दाव्यासाठी हे सगळं लिहायला बसले तो. "कोणतंही फळ, लिंबू नको, वर्षभर फळीवर टिकतं."

मातीपरीक्षणाच्या कागदावर 'सामू' (पीएच) असा रकाना असतो, तो आपल्या शेतकऱ्यांना नवा नाही. फळालाही सामू असतो. आकडा जितका लहान तितकी आंबट बाजू, आणि आकडा एकने बदलला की आम्लता दहापटीने बदलते. सफरचंदाचा सामू साधारण ३.३ ते ४. पिकलेल्या केळीचा साधारण ४.५ ते ५.२. म्हणजे ३.५ चं सफरचंद आणि ५ चं केळं यांच्यात आम्लतेचा फरक सुमारे तीसपट. जिभेला दोन्ही गोडच लागतात, म्हणून हा फरक चवीवरून ओळखू येत नाही.

या मोजपट्टीवर ४.६ ही रेघ सगळ्यात महत्त्वाची. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत असतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कणखर कवचातली त्याची सुप्त रूपं, फळांच्या सालीवरून, हातांवरून, चाकूवरून कुठेही येऊ शकतात. सामू ४.६ च्या खाली असेल तर ते रुजत नाहीत. वर असेल, आत हवा नसेल, ओल असेल आणि बरणी घरातल्या साध्या तापमानात असेल, तर ते रुजतात आणि विष तयार करतात. हे विष मज्जातंतू लुळे करतं, श्वास बंद पडू शकतो, माणूस दगावू शकतो. बीजाणू उकळत्या पाण्याच्या १०० अंशांत मरत नाहीत, त्यांना दाबाखालचे १२१ अंश लागतात. स्लो कुकर तर शंभरालाही पोचत नाही. तेव्हा "दहा तास शिजवलंय, काय राहणार आहे त्यात?" हा प्रश्न केळीच्या बाबतीत चुकीचा आहे. जे राहायला नको तेच राहतं.

वहिनींच्या बरण्या फसफसल्या ते बहुधा यीस्टमुळे. त्यात वायू होतो, झाकण फुगतं, आंबूस वास येतो, आपण सावध होतो. खरं सांगायचं तर त्या बरण्या फुटल्या हे नशीबच म्हणायचं. बोट्युलिनमचं विष असलेल्या बरणीला वास येईलच, चव बदलेलच, झाकण फुगेलच असं नसतं. त्यामुळे 'वास घेऊन बघू, बोटभर चाखून बघू' ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा इथे उपयोगाची नाही. लोणच्याला ती चालते, कारण लोणच्यात मीठ, तेल आणि आंबटपणा आपल्या बाजूने असतात.

यावर एका ताईने मला विचारलं, की आमच्या आजीने कैरीचा गुळांबा वर्षभर बाहेर ठेवला, कोणाला काही झालं नाही, मग याला का होईल? प्रश्न रास्त आहे. गुळांब्यात कैरी आहे, ती आंबट, आणि गूळ जवळजवळ बरोबरीने आहे. आंबटपणाने एक दार बंद, गोडाने दुसरं. जॅममध्येही विरघळलेले घन पदार्थ ६५ टक्के लागतात ते याच कारणाने, जंतूला प्यायला पाणी मोकळं उरू नये म्हणून. केळीच्या बिनसाखरेच्या, बिनलिंबाच्या बटरमध्ये दोन्ही दारं सताड उघडी आहेत.

केळीची आणखी एक फसवी गोष्ट सांगते, ती मला स्वतःला उशिरा कळली. केळीचा गर मुळातच घट्ट असतो. तासाभरात तो चमच्यावर उभा राहतो आणि बाई म्हणते, झालं. पण घट्ट दिसणं वेगळं आणि पाणी कमी होणं वेगळं. तंतू आणि उरलेला पिठूळपणा यामुळे तो घट्ट भासतो, आत पाणी जवळपास होतं तेवढंच असतं. सफरचंदाला जी 'ताटलीवर पाणी सुटत नाही' अशी परीक्षा लावतात, ती केळी पहिल्याच तासात पास होते. टिकण्याशी त्या पास होण्याचा काही संबंध नाही.

आणि जिथून कृती आली तिथे तरी 'साखर नको, आंबट नको' म्हणतात का? अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती डबाबंदीच्या मार्गदर्शिकेत ॲपल बटरची कृती आहे. ८ पौंड, म्हणजे सुमारे साडेतीन किलो सफरचंदांना २ कप सफरचंदाचा रस, २ कप व्हिनेगर, सव्वादोन कप पांढरी साखर आणि सव्वादोन कप ब्राऊन शुगर, शिवाय दालचिनी नि लवंग. फळ मुळात आंबट बाजूचं, तरी वर दोन कप व्हिनेगर. आणि भरलेल्या बरण्या पुन्हा उकळत्या पाण्यात बुडवून ठरावीक मिनिटं ठेवायच्या. त्याच खात्याचा सल्ला असा, की भोपळ्याचं बटर, म्हणजे आपल्या गंगाफळाचं, घरी बरणीबंद करून बाहेर ठेवूच नये, फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्येच ठेवावं. भोपळा कमी आंबट आणि गर दाट, उष्णता मध्यापर्यंत खात्रीने पोचत नाही. आपली केळी आणि पपई याच पंगतीत बसतात. पपई पिकवणाऱ्या शहाद्याकडच्या मैत्रिणींनो, पपईचा सामू तर बहुधा केळीहूनही वर, पाचच्या पुढे असतो. तुमच्याकडेही हा मेसेज पोचला असेल, म्हणून मुद्दाम नाव घेतलं.

बरणी उलटी ठेवल्याने काही साधत नाही. गरम गर झाकणाला लागतो आणि कामचलाऊ चिकटतो. झाकणाखालची हवा नीट निघत नाही, पकड कच्ची राहते. आपल्याकडे तर लोणच्याच्या नाहीतर कॉफीच्या रिकाम्या बरण्याच पुन्हा वापरतात, त्यांच्या झाकणाचं रबर एकदाच धरायचं असतं. "मग शिट्टीच्या कुकरमध्ये बरण्या ठेवून देऊ" असंही कोणी सुचवेल. केळीच्या घट्ट गरासाठी किती दाब नि किती मिनिटं, याचं घरगुती वेळापत्रक माझ्या हातात नाही, आणि अंदाजाने या विषाशी खेळू नये.

मग केळीचं बटर करूच नये का? जरूर करा, फ्रिजचा पदार्थ म्हणून करा. मी करते ते असं: एक किलो गराला अडीच ते तीन मोठ्या कागदी लिंबांचा रस, तोही सोलल्याबरोबर, म्हणजे गर काळा पडत नाही. शंभर-दीडशे ग्रॅम गूळ, चार वेलदोडे, चिमूटभर मीठ. स्लो कुकर हायवर, झाकण तिरपं, दोन ते अडीच तास. दहा तास ठेवलंत तर केळीचा वासच मरतो आणि काकवीसारखा करपट गोडवा उरतो. रंग तांबूस येईल, येऊ द्या. निवलं की लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये, दोन आठवड्यांत संपवा. जास्त असेल तर फ्रीझरमध्ये सहा महिने खुशाल राहतं. लिंबाचा रस घातला म्हणून फळीवर चालेल, असा अर्थ कृपा करून काढू नका. लिंबं सारखी नसतात, केळी सारखी पिकत नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या मृगबागेचा माल आणि पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेचा माल एकाच दिवशी चाखला तरी चवीतला फरक कळतो. सामू मोजल्याशिवाय कोणीही हमी देऊ नये.

ज्यांना स्लो कुकरचा खरा आनंद घ्यायचाय त्यांनी पेरूपासून सुरुवात करावी. दोन किलो पिकलेले पण घट्ट पेरू, चौकोनी फोडी, कपभर पाणी, झाकण लावून हायवर तीन-चार तास. मग पुरणयंत्रातून काढा. बिया वर राहतात, खाली रेशमासारखा गर येतो. पुरणयंत्राचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. गर परत भांड्यात, त्यात अर्धा किलो साखर, तीन लिंबांचा रस, दालचिनीची काडी. झाकण तिरपं ठेवून पाच ते सात तास, पुढे-मागे होईल. गार ताटलीवर चमचाभर टाका. कडेने पाण्याची रेघ सुटली नाही आणि चमच्याने ओढलेली वाट मिटली नाही की झालं. हेही मी फ्रिजमध्येच ठेवते. कवठही फार छान होतं, मूळचंच आंबट आणि गराला बांधून ठेवणारं. कैरी, आवळा, चिंच घातलेलं सफरचंद, हे सगळे या भांड्याचे मित्र आहेत. सीताफळ मात्र चुकूनही शिजवू नका, त्याचा गर तापला की कडवटतो. मेहरूणची बोरं गोड असतात, त्यांना लिंबाची सोबत लागतेच.

डायबेटिसचा दावा ऐकून मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण हा मेसेज म्हातारी माणसं खरा मानतात. शंभर ग्रॅम केळीत सुमारे २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. गर आटवून निम्मा केला की शंभर ग्रॅममध्ये ती ४६ होतात. साखर घातली नाही, म्हणून साखर नाही असं होत नाही. उलट ती दाटली. वीस ग्रॅमचा एक मोठा चमचा म्हणजे नऊ ग्रॅम कर्बोदकं, आणि पोळीवर एका चमच्याने कोणाचं भागतं? गोळ्या-इन्सुलिन घेणाऱ्या आपल्या नाना-आबांना हे 'चालतं' म्हणून वाढू नका. डॉक्टरांना दाखवून, मोजून, पोळीचा वाटा कमी करून काय ते ठरवा.

विजेचा खर्च खरंच फार नाही. २०० वॉट, दहा तास, दोन युनिट. एवढ्यापुरता मेसेज बरोबर आहे.

"केळी फेकू नका" हेही मला पटतं, पण फेकण्यासारखं काय आणि वापरण्यासारखं काय, हे ओळखायला हवं. साल काळी पडली, आत गर पिवळा-पांढरा आणि वास गोड असेल तर ते केळं बटरसाठी उत्तम. देठाशी बुरशी आत उतरली असेल, गर पाणचट झाला असेल, दारूसारखा वास येत असेल, तर ते बटरमध्ये घालू नका. शिजवलं की बुरशी मरेल, पण तिने सोडलेली काही विषं शिजवूनही जात नाहीत. सडक्या सफरचंदात होणारं पॅट्युलिन हे त्याचं ठळक उदाहरण आहे.

राहिलं विकणं. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जळगाव जिल्ह्याचं उत्पादन म्हणून केळीच निवडली गेली. नाव कमवायला आपल्या आया-बापांची हयात गेली आहे, आणि ते जायला एक वाईट बरणी पुरे. विकायचं असेल तर अन्न परवान्याची नोंदणी करा, प्रयोगशाळेतून सामू आणि घन पदार्थ तपासून घ्या, लेबलवर घटक, तारीख आणि 'फ्रिजमध्ये ठेवा' हे स्पष्ट लिहा. केळीच्या वेफर्सचा धंदा आपल्याकडे उभा राहिला, कारण वेफर कोरडा असतो आणि कोरडा पदार्थ टिकतो. ओल्या गराला त्याचा नियम लागत नाही.

ज्यांच्या फळीवर या मेसेजप्रमाणे भरलेल्या केळी-पपईच्या बरण्या आज उभ्या आहेत, त्यांनी त्या चाखू नयेत, पुन्हा उकळून वाचवायला जाऊ नये. आणि हे फार महत्त्वाचं: गुराढोरांपुढे टाकू नये. आपली सवय तीच, वाया गेलेलं म्हशीला घालायचं. हे विष गुरांनाही बाधतं. बरण्या न उघडता जाड पिशवीत बांधून, मुलं आणि कुत्री पोचणार नाहीत अशा खोल खड्ड्यात पुराव्यात.

वहिनींच्या उरलेल्या वीस बरण्या आम्ही दोघींनी तशाच पुरल्या. त्यांनी प्रत्येक बरणी हातात घेऊन, पुसून, मग पिशवीत घातली. हिवाळ्यात पेरू उतरले तेव्हा त्या स्वतःच पुरणयंत्र घेऊन माझ्याकडे आल्या. आता त्यांच्या फ्रीझरमध्ये केळीच्या बटरचे आठ लहान डबे आहेत, प्रत्येकावर तारीख घातलेली.